राज्यात ऑटिझमचा विमा कायदा आहे, तरी एबीए नाकारली. आता काय करायचं?

निळी_छत्री

टेक्ससमध्ये राहतो. मुलगा साडेचार वर्षांचा. डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियनने ऑटिझमचं निदान केलंय, लेव्हल २. आठवड्याला २५ तास एबीए (अप्लाइड बिहेवियर अ‍ॅनालिसिस, वागणूक आणि कौशल्यं शिकवणारी थेरपी), शिवाय स्पीच (बोलण्याची थेरपी) आणि ओटी (रोजची कामं शिकवणारी ऑक्युपेशनल थेरपी) लिहून दिलंय. विमा नवऱ्याच्या कंपनीचा, पीपीओ (नेटवर्कबाहेरचे डॉक्टरही चालणारा प्लॅन). कंपनीचं मुख्य ऑफिस न्यू जर्सीत. थेरपी सेंटरने प्री-ऑथरायझेशन (आधी घ्यायच्या परवानगीचा अर्ज) पाठवलं आणि आठ दिवसांत पत्र आलं: ‘ही सेवा आपल्या प्लॅनमधून वगळलेली आहे.’ स्पीच-ओटी देतील, पण दोन्ही मिळून वर्षाला ६० व्हिजिट.

सगळीकडे वाचायला मिळतं की आता पन्नासही राज्यांत ऑटिझमच्या विम्याचा कायदा आहे. मग:

१. आम्हाला टेक्ससचा कायदा लागू की न्यू जर्सीचा?
२. कायदा असताना सरळ ‘वगळलेली सेवा’ असं लिहू शकतात का?
३. माझ्या कंपनीचा विमा आम्ही घेतलेला नाही. नोव्हेंबरमध्ये एन्रोलमेंट (प्लॅन निवडायची वार्षिक मुदत) उघडेल तेव्हा मुलाला तिकडे घ्यावं का?

एबीए द्यावी की देऊ नये हा वाद कृपया इथे नको, त्यावर वेगळा धागा आहे.

---

कागदवाला

तुमच्या तीन प्रश्नांच्या आधी एक चौथा प्रश्न आहे. तो सुटल्याशिवाय बाकीच्यांना हात घालू नका. मुलाच्या उपचाराचे पैसे शेवटी कुणाच्या खिशातून जातात? कार्डावर जिचं नाव छापलंय त्या विमा कंपनीच्या, की नवऱ्याच्या कंपनीच्या?

पहिला प्रकार फुली इन्शुअर्ड. नोकरी देणारी कंपनी प्रीमियम भरते, जोखीम विमा कंपनीची. अशा पॉलिसीवर राज्याचा कायदा चालतो. दुसरा प्रकार सेल्फ-फंडेड. यात क्लेमचे पैसे नोकरी देणारी कंपनीच भरते, विमा कंपनी फी घेऊन कागद हलवते आणि आपलं नेटवर्क (करार केलेल्या डॉक्टरांची यादी) वापरायला देते. कार्ड दोन्हींत सारखंच दिसतं, म्हणून लोक फसतात. सेल्फ-फंडेड प्लॅन १९७४ च्या एरिसा या केंद्रीय कायद्याखाली येतो आणि राज्याचा विमा कायदा त्याला हात लावू शकत नाही. पन्नास राज्यांत कायदा आहे हे खरं. पण नोकरीतून विमा मिळणाऱ्यांतले साधारण दोन तृतीयांश लोक सेल्फ-फंडेड प्लॅनमध्ये आहेत, हे त्या वाक्यासोबत कुणी सांगत नाही. हजारो कर्मचारी असलेल्या कंपन्या बहुतेक याच गटात.

शोधायचं असं:

कार्ड बघा. टेक्ससमध्ये राज्याच्या अखत्यारीतल्या विम्याच्या कार्डावर ‘टीडीआय’ (टेक्ससचं विमा खातं) किंवा ‘डीओआय’ (विमा खातं) ही अक्षरं असतात. ती नसतील आणि मागे बारीक अक्षरात ‘अ‍ॅडमिनिस्टर्ड बाय’ असं असेल तर संशय घ्या. न्यू जर्सीत निघालेल्या पॉलिसीवर टेक्ससची अक्षरं नसणारच, म्हणून तुमच्या बाबतीत फक्त कार्डावर निकाल लावू नका.

एचआरला ईमेल करा, फोन नको. विचारायचं एवढंच: ‘आमचा पीपीओ सेल्फ-फंडेड आहे की फुली इन्शुअर्ड? फुली इन्शुअर्ड असेल तर पॉलिसी कोणत्या राज्यात इश्यू झाली?’ पीपीओ हा शब्द मुद्दाम घाला. एकाच कंपनीत पीपीओ सेल्फ-फंडेड आणि एचएमओ (फक्त नेटवर्कमधले डॉक्टर चालणारा प्लॅन) फुली इन्शुअर्ड असं सर्रास असतं. नुसतं ‘आपला विमा’ म्हटलंत तर भलत्याच प्लॅनचं उत्तर मिळतं.

एसपीडी, म्हणजे समरी प्लॅन डिस्क्रिप्शन मागवा. एन्रोलमेंटच्या वेळी वाटतात ती आठ पानी रंगीत पत्रिका वेगळी. एसपीडी शंभरेक पानांचं असू शकतं. शेवटच्या पानांवर प्लॅनचा प्रकार आणि पैसे कुठून येतात ते लिहिलेलं असतं. लेखी मागणी प्लॅन अ‍ॅडमिनिस्ट्रेटरकडे करायची. बहुतेक ठिकाणी तो म्हणजे नोकरी देणारी कंपनी, विमा कंपनी नव्हे. ३० दिवसांत द्यावं लागतं. नाही दिलं तर कोर्ट दिवसाला ११० डॉलरपर्यंत दंड लावू शकतं. पत्रात ही ओळ घातली की कागद लवकर सापडतात, असा अनुभव सगळीकडे ऐकू येतो.

विमा कंपनीच्या कॉल सेंटरला ‘ऑटिझम कव्हर आहे का’ असं विचारू नका. ‘हो’ म्हणतील. निदान कव्हर असतं, डॉक्टरची व्हिजिट कव्हर असते, औषध कव्हर असतं. एबीए वगळूनही ते ‘हो’ खोटं ठरत नाही.

प्रश्न १ चं उत्तर: फुली इन्शुअर्ड असेल तर साधारणपणे पॉलिसी ज्या राज्यात निघाली त्या राज्याचा कायदा, तुम्ही कुठे राहता ते दुय्यम. सेल्फ-फंडेड असेल तर टेक्ससचाही नाही आणि न्यू जर्सीचाही नाही.

---

कंदील

कागदवाल्यांनी पाया घातलाय. आता राज्यांच्या कायद्यांबद्दल थोडं, कारण ‘कायदा आहे’ म्हणताना लोक सगळे कायदे एकसारखे समजतात.

सर्वंकष कायदा करणारं पहिलं राज्य इंडियाना, २००१. त्यात वयाची अट नाही, डॉलरची मर्यादा नाही. २००७ मध्ये साऊथ कॅरोलायना आणि टेक्सस आले आणि मग रांगच लागली. २०१९ पर्यंत पन्नास राज्यं पूर्ण झाली. वॉशिंग्टनमध्ये तर विधिमंडळापेक्षा कोर्टातल्या खटल्यांनी काम केलं. मधल्या काळात झालेल्या कायद्यांत मात्र घासाघीस करून मर्यादा घातल्या गेल्या. काही नमुने, मूळ कायद्यात होते तसे:

टेक्सस: २००७ मध्ये फक्त लहान मुलांसाठी, २००९ मध्ये दहा वर्षांखालच्यांसाठी. २०१३ पासून वयाची वरची अट गेली, पण निदान दहाव्या वाढदिवसाआधी झालेलं हवं. दहा वर्षांनंतर एबीएला वर्षाला ३६,००० डॉलरची मर्यादा घालता येते. तुमचा मुलगा साडेचारचा, म्हणजे ती मर्यादा आत्ता लागूच नाही.

पेनसिल्व्हेनिया (२००८): २१ वर्षांखालील, ५१ किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या ग्रुप पॉलिसी, ३६,००० डॉलर आणि त्यावर महागाईप्रमाणे वाढ.

फ्लोरिडा (२००८): वर्षाला ३६,०००, आयुष्यभरात २ लाख डॉलर, आणि निदान आठ वर्षांपर्यंत झालेलं हवं.

मिशिगन (२०१२): सहा वर्षांपर्यंत ५०,०००, सात ते बारा ४०,०००, तेरा ते अठरा ३०,०००. मूल मोठं होईल तसा उतरता जिना.

ओहायो: चौदा वर्षांखाली, आठवड्याला २० तास, स्पीच आणि ओटी प्रत्येकी वर्षाला २० व्हिजिट.

मॅसॅच्युसेट्स (२०११ पासून लागू) आणि कॅलिफोर्निया (जुलै २०१२ पासून): वयाची किंवा डॉलरची मर्यादा नाही. कॅलिफोर्नियाने २०२१ पासून आणखी एक पाऊल टाकलं: उपचार गरजेचा आहे की नाही हे विमा कंपनीने घरच्या मॅन्युअलवर ठरवायचं नाही, त्या-त्या क्षेत्रातल्या ना-नफा व्यावसायिक संघटनांचे निकष वापरायचे.

व्हर्जिनिया: २०११ मध्ये दोन ते सहा वर्षं, मग दहापर्यंत, आणि २०२० पासून वयाची अट रद्द. दहा वर्षांपूर्वीचा ब्लॉग वाचून निर्णय घेऊ नका म्हणतो, ते यासाठीच.

३६,००० ऐकायला मोठी रक्कम वाटते. हिशोब करून बघा. ताशी ६० डॉलर धरले तर २५ तासांचे आठवड्याला १,५०० होतात. चोवीस आठवड्यांत खातं रिकामं.

पण या मर्यादा आज कागदावर जितक्या कडक दिसतात तितक्या राहिलेल्या नाहीत. कारण २००८ चा केंद्रीय पॅरिटी कायदा: मानसिक आरोग्याच्या उपचारांवर शारीरिक आजारांपेक्षा जास्त बंधनं घालायची नाहीत. दाखल न होता घेतलेले उपचार अशा एकाच वर्गातल्या किमान दोन तृतीयांश मेडिकल सेवांवर व्हिजिटची मर्यादा नसेल, तर मानसिक आरोग्याच्या सेवेवरही घालता येत नाही. ऑटिझम डीएसएममध्ये (मानसिक विकारांच्या निदानाचा प्रमाणग्रंथ) आहे आणि पॅरिटीचे नियम कोणती स्थिती कशात मोडते ते डीएसएमसारख्या मान्य ग्रंथांवरून ठरवायला सांगतात. त्याशिवाय २०१० च्या अफोर्डेबल केअर अ‍ॅक्टने अत्यावश्यक सेवांवरच्या डॉलरच्या मर्यादा काढल्या. न्यूयॉर्कचं उदाहरण बोलकं आहे: आधी वर्षाला ४५,००० डॉलर होते, मग त्याचे वर्षाला ६८० तास झाले, पुढे पॅरिटीपुढे तेही टिकले नाहीत.

तुमच्या ६० व्हिजिटनाही हेच लागू पडतं, आणि पॅरिटी कायदा पन्नासपेक्षा जास्त कर्मचाऱ्यांच्या सेल्फ-फंडेड प्लॅनवरसुद्धा चालतो. फक्त स्पीचचा क्लेम कोणत्या निदानावर जातोय ते बघा. थेरपिस्टने पहिलं निदान भाषाविकाराचं (एफ८०.२) टाकलं आणि ऑटिझम (एफ८४.०) दुसरं, तर विमा कंपनी तो क्लेम मेडिकल खात्यात टाकते आणि ६० ची मोजणी सुरू होते. उपचार ऑटिझमसाठीच असेल तर एफ८४.० पहिलं लिहायला सांगा.

---

निळी_छत्री

एचआरचं उत्तर आलं. पीपीओ सेल्फ-फंडेड आहे. एसपीडीही मिळालं. ‘वगळलेल्या सेवा’ या यादीत ‘ऑटिझमसाठी अप्लाइड बिहेवियर अ‍ॅनालिसिस’ अशी सरळ ओळ आहे. मेंटल हेल्थच्या पानावर मात्र ऑटिझमचं निदान आणि काउन्सेलिंग कव्हर आहे असं लिहिलंय.

माझ्या कंपनीत साधारण चारशे लोक, टेक्ससमधलीच. मैत्रिणीचं कार्ड पाहिलं, त्यावर टीडीआय आहे. प्रीमियम मात्र दुपटीच्या आसपास.

---

दुरेघी_वही

एसपीडीतल्या त्या दोन ओळी जपून ठेवा. एका पानावर ऑटिझम कव्हर आणि दुसऱ्या पानावर त्याचा मुख्य उपचार वगळलेला, ही जोडीच पॅरिटीच्या तक्रारीचा कणा आहे. मेडिकल बाजूला एखादा आजार कव्हर करून त्याचा मुख्य उपचार असा नाव घेऊन वगळलाय का, हे त्यांना दाखवावं लागेल.

करायचं काय तर प्लॅन अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला लेखी मागणी: ‘एबीए वगळण्याबाबत केलेलं पॅरिटीचं कम्पॅरेटिव्ह अ‍ॅनालिसिस द्या.’ २०२१ पासून हे विश्लेषण (मेडिकल आणि मानसिक आरोग्यावरच्या बंधनांची तुलना) तयार करून ठेवणं बंधनकारक आहे आणि सभासदाने मागितलं तर ३० दिवसांत द्यायचं असतं. पुष्कळ कंपन्यांकडे ते नसतंच. मग बेनिफिट्सची टीम वकिलाला फोन करते, आणि तिथून गोष्टी हलायला लागतात.

त्याच वेळी, वेगळ्या पत्राने, एचआरला साधी विनंती: पुढच्या वर्षापासून एबीए प्लॅनमध्ये घ्या. सेल्फ-फंडेडचा हा एक फायदा. विधिमंडळाची वाट बघावी लागत नाही, कंपनीने ठरवलं की एका दुरुस्तीत एक्सक्लूजन (सेवा वगळणारी ओळ) निघतं. विमा कंपन्यांकडे एबीएचं कलम तयार असतं, त्यावर टिचकी मारायची असते. विनंती उन्हाळ्याच्या आत जायला हवी, कारण जानेवारीचे प्लॅन बऱ्याच आधी ठरतात. ऑक्टोबरमध्ये गेलेलं पत्र पुढच्या वर्षाच्या पुढच्या वर्षासाठी होतं.

केंद्र सरकारच्या कामगार खात्यात ईबीएसए नावाचा विभाग आहे, त्यांचे बेनिफिट्स सल्लागार फुकट मदत करतात आणि कंपनीला स्वतः फोन लावतात. टेक्ससच्या विमा खात्याकडे तक्रार करू नका. सेल्फ-फंडेडवर त्यांची सत्ता नाही, महिनाभराने तेवढंच लिहून येईल.

प्रश्न ३ बद्दल. तुमच्या कंपनीचा प्लॅन टीडीआयचा असेल तर मुलाला तिकडे आणणं हा आत्ताच्या घडीला सगळ्यात भरवशाचा रस्ता. पण:

नवीन निदान हे मधेच प्लॅन बदलायचं कारण धरलं जात नाही. नोव्हेंबरची एन्रोलमेंट, लागू १ जानेवारीपासून. मधे नोकरी बदलली किंवा एखादा विमा गेला तरच ३० दिवसांची खिडकी उघडते.

प्रीमियमकडे बघून घाबरू नका, आउट-ऑफ-पॉकेट मॅक्सिमम (वर्षात तुमच्या खिशातून जाणाऱ्या खर्चाची कमाल मर्यादा) बघा. आठवड्याला पाच दिवस एबीए आणि दिवसाला ३० डॉलर कोपे (दर भेटीला भरायची ठरावीक रक्कम), तर पन्नास आठवड्यांचे ७,५०० झाले. स्पीच-ओटीचे वेगळे. अशा मुलाच्या बाबतीत दर वर्षी कमाल मर्यादा गाठली जाणार असंच धरून चाला. २०२५ साठी केंद्राने घातलेली वरची मर्यादा माणशी ९,२०० आणि कुटुंबाला १८,४०० डॉलर होती, नेटवर्कमधल्या सेवांसाठी. फॅमिली प्लॅन असला तरी एका माणसावर माणशी मर्यादेपेक्षा जास्त बोजा टाकता येत नाही, हे बरेचदा एचआरलाही माहीत नसतं. मग वर्षाचा प्रीमियम अधिक मुलाची कमाल मर्यादा, ही बेरीज दोन्ही प्लॅनची करा. ज्याची कमी तो प्लॅन. ‘महाग’ प्लॅन पुष्कळदा स्वस्त निघतो. आणि वगळलेल्या सेवेवर खिशातून केलेला खर्च या मर्यादेत धरला जात नाही, म्हणून आत्ताच्या पीपीओत ती बेरीज करून उपयोग नाही.

कोपे दिवसाला एकदा लागतो की प्रत्येक सेशनला, तेही लेखी विचारा. सकाळी एक आरबीटी (मुलासोबत प्रत्यक्ष काम करणारी तंत्रज्ञ), दुपारी दुसरी, आणि दोन कोपे असं होतं.

---

खडीसाखर

जानेवारीची तयारी आत्तापासून करा. कायदा बाजूने असला तरी एबीएचं प्री-ऑथरायझेशन कागदांवर अडतं, आणि कारणं बहुतेक तीच तीच असतात.

निदानाचा रिपोर्ट. शाळेने ‘ऑटिझम’ या गटात घेतलं असेल तर ते शैक्षणिक पात्रतेपुरतं, विम्याला चालत नाही. डॉक्टर किंवा सायकॉलॉजिस्टचा रिपोर्ट हवा, त्यात डीएसएम-५ चे निकष एकेक करून, लेव्हल, आणि एडीओएस-२ सारख्या चाचणीचे गुण. अडीच पानांच्या व्हिजिट नोटवर ‘ऑटिझम दिसतो’ असं लिहिलेलं परत येतं.

पहिलं ऑथरायझेशन फक्त मूल्यमापनाचं असतं, कोड ९७१५१. बीसीबीए (एबीएची प्रमाणित तज्ज्ञ) ते करते, उपचाराचा आराखडा लिहिते आणि मग दुसरं, खरं ऑथरायझेशन जातं. दोन्हींत मिळून महिना-दीड महिना धरा.

दुसऱ्यात मुख्य कोड तीन. ९७१५३ म्हणजे आरबीटी मुलासोबत बसते ते तास. ९७१५५ म्हणजे बीसीबीए स्वतः येऊन कार्यक्रम बदलते तो वेळ. ९७१५६ म्हणजे आईवडिलांचं प्रशिक्षण. एक युनिट १५ मिनिटांचं. तुमचे २५ तास म्हणजे आठवड्याला १०० युनिट, सहा महिन्यांचे २६ आठवडे धरले तर २,६००. देखरेखीचं प्रमाण साधारण दर दहा तासांना दोन तास, म्हणजे ९७१५५ चे आठवड्याला २० युनिट, एकूण ५२०. प्रशिक्षण आठवड्याला तास धरला तर १०४. मंजुरीच्या पत्रात हे तीन आकडे स्वतः ताडून पाहा. २,६०० ऐवजी ६५० आले असतील तर कुणीतरी तास आणि युनिटमध्ये घोळ घातलाय. हे विनोदी वाटतं, पण होतं.

आराखड्यातली उद्दिष्टं वाचा. ‘अक्षरं ओळखेल’, ‘वीसपर्यंत मोजेल’ असं असेल तर विमा कंपनी ‘हे शाळेचं काम’ म्हणून कापते. तीच गोष्ट कशी लिहायची? ‘आत्ता पाणी हवं असताना दहा वेळांपैकी एकदा मागतो आणि उरलेल्या वेळी रडतो किंवा हात ओढतो, सहा महिन्यांत दहापैकी आठ वेळा शब्दाने किंवा चित्राने मागेल, दोन वेगळ्या माणसांकडे, दोन वेगळ्या जागी.’ सुरुवात, मोजमाप, मुदत, जागा सगळं आलं. रस्त्यावर पळणं, स्वतःला मारणं, टॉयलेट, जेवण या गोष्टी वर आणि मोजून लिहा. आराखड्यात थेरपी कधी कमी करणार याचे निकष नसतील तरी परत येतो.

जागेचा कोडही बघा. घर १२, क्लिनिक ११, शाळा ०३. शाळेत जाऊन दिलेल्या एबीएचा क्लेम ०३ वर गेला की बहुतेक प्लॅन आडवे येतात.

ऑथरायझेशन त्या एका सेंटरच्या नावावर असतं. सेंटर बदललं की सगळं नव्याने. आणि मुदत संपायच्या तीन-चार आठवडे आधी पुढचा रिपोर्ट गेलाच पाहिजे. शुक्रवारी मुदत संपली आणि सोमवारी सेशन झालं तर ते बिल तुमच्या अंगावर येऊ शकतं. तारीख तुमच्या कॅलेंडरवर ठेवा. सेंटरच्या भरवशावर राहू नका, तिथला बिलिंगचा माणूस शंभर मुलांच्या तारखा बघत असतो.

जवळपास नेटवर्कमधली बीसीबीए नसेल किंवा सहा महिन्यांची वेटिंग लिस्ट असेल तर ‘नेटवर्क गॅप एक्सेप्शन’ मागा. पाच-सहा सेंटरना फोन करून तारीख, कुणाशी बोललात आणि ‘पहिली जागा कधी’ याची यादी जोडा. मान्य झालं तर बाहेरच्या सेंटरशी ‘सिंगल केस अ‍ॅग्रीमेंट’ होतं आणि तुम्हाला नेटवर्कचाच दर लागतो. सेवा सुरू होण्याआधी करा, नंतर ऐकत नाहीत.

---

कागदवाला

अपीलबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून. आत्ताच्या नकाराला अपील कराच, जिंकलात तर जानेवारीची वाट बघायला नको.

पत्र मिळाल्यापासून १८० दिवस. उपचार अजून सुरू झालेला नसेल तर ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, झालेल्या उपचाराच्या क्लेमला ६०, तातडीचं असेल तर ७२ तास. (काही प्लॅनमध्ये दोन पायऱ्या असतात, तेव्हा हे दिवस अर्धे-अर्धे वाटले जातात.) त्यानंतरही नकार आला तर चार महिन्यांच्या आत बाहेरच्या स्वतंत्र परीक्षकाकडे, एक्स्टर्नल रिव्ह्यूला. त्याचा निर्णय ४५ दिवसांत, आणि तो प्लॅनवर बंधनकारक. सेल्फ-फंडेडलाही हा हक्क आहे.

इथे एक खाच आहे. एक्स्टर्नल रिव्ह्यू वैद्यकीय निर्णयाच्या वादांसाठी असतो. ‘प्लॅनमध्ये नाही’ असा निव्वळ कराराचा नकार असेल तर तो दारातच परत पाठवतात. पण पॅरिटी कायद्यातल्या आकड्यात न मोजता येणाऱ्या बंधनांचं पालन झालं की नाही, हा मुद्दा नियमांनी वैद्यकीय निर्णयातच धरलाय. म्हणून पहिल्या अपीलमध्येच स्पष्ट लिहा: ‘एबीएचं एक्सक्लूजन हे पॅरिटी कायद्याखाली नॉन-क्वांटिटेटिव्ह ट्रीटमेंट लिमिटेशन आहे आणि ते कायद्याच्या विरुद्ध आहे.’ इंग्रजीत, याच शब्दांत. नंतर आठवलं तर उशीर झालेला असतो.

पत्राचा शब्द नीट ओळखा. ‘वगळलेली सेवा’, ‘वैद्यकीयदृष्ट्या गरजेची नाही’, ‘माहिती अपुरी’, ‘परवानगी घेतली नव्हती’ या चार नकारांची चार वेगळी उत्तरं आहेत. तिसऱ्याला अपील करणं म्हणजे वेळ घालवणं, तिथे फक्त राहिलेला कागद पाठवायचा. दुसऱ्याला डॉक्टरचं पत्र आणि आकडे. तुमच्या पहिल्याला डॉक्टरने दहा पानं लिहून दिली तरी उपयोग नाही, कारण गरज आहे की नाही हा वादच त्यांनी घातलेला नाही.

पुढे कधी मंजूर झालेले तास मधेच कापले, तर कपात लागू होण्याआधी पुरेशी सूचना देऊन अपीलला वेळ द्यावा लागतो. तोवर तास चालू ठेवा असं लेखी मागा.

---

पिंपळपान

एक भर. टेक्ससमध्ये मेडिकेडच्या (सरकारी आरोग्य विमा) वेव्हर कार्यक्रमांची, म्हणजे अपंगांसाठीच्या खास योजनांची (क्लास, एचसीएस वगैरे), इंटरेस्ट लिस्ट (प्रतीक्षायादी) वर्षानुवर्षं लांब आहे. क्लास आणि एचसीएसमध्ये आईवडिलांचं उत्पन्न धरत नाहीत. आज नाव घातलं तर मूल मोठं झाल्यावर नंबर लागतो, म्हणून विम्याचं काही का होईना, नाव आजच घाला. नाव घालायला कागदपत्रं जवळपास लागत नाहीत. व्हिसावर असाल तर प्रत्यक्ष लाभ घेण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला.

आणि कंदील, ओहायोच्या २० तासांबद्दल: राज्याच्या कायद्यातले तास ही किमान हमी आहे. विमा कंपन्या तो आकडा छताप्रमाणे वापरतात, ते मान्य करायची गरज नाही.

---

निळी_छत्री

अपील, कम्पॅरेटिव्ह अ‍ॅनालिसिसची मागणी आणि एचआरला विनंती अशी तीन वेगळी पत्रं तयार केली. सगळ्यांचे आभार.

शेवटचं एक. जानेवारीत मुलाला माझ्या प्लॅनवर घेतलं आणि नवऱ्याच्या प्लॅनवरही राहू दिलं तर? दोन विमे असलेले बरे, असं ऑफिसात एकीने सांगितलं.

---

दुरेघी_वही

दोघांचे वाढदिवस कोणत्या महिन्यात?

---

निळी_छत्री

नवऱ्याचा फेब्रुवारी, माझा ऑक्टोबर. का?

---

दुरेघी_वही

कारण मूल दोघांच्या विम्यावर असेल तर ज्याचा वाढदिवस वर्षात आधी येतो त्याचा विमा प्रायमरी. जन्मसाल बघत नाहीत, फक्त महिना आणि तारीख. कुठला चांगला आहे ते निवडायची मुभा नाही. तुमच्या बाबतीत प्रायमरी होईल तो एबीए वगळणारा पीपीओ.

मग प्रत्येक एबीए क्लेम आधी तिकडे जाणार, नकार येणार, त्या नकाराचा ईओबी (क्लेमचं काय झालं ते सांगणारं पत्रक) जोडून तुमच्या प्लॅनकडे जाणार. नकार ‘वगळलेली सेवा’ असा असेल तर दुसरा प्लॅन आपल्या नियमाने पैसे देतो. पण नकाराचं कारण ‘परवानगी घेतली नव्हती’ असं छापून आलं तर दुसराही हात वर करतो. शिवाय दोन्ही विमा कंपन्यांना कोऑर्डिनेशन ऑफ बेनिफिट्सचा (कोणता विमा आधी पैसे देणार ते ठरवणारा) फॉर्म भरून द्यावा लागतो. तो जुना झाला की सगळे क्लेम, अगदी सर्दी-खोकल्याचेसुद्धा, अडकून बसतात. आठवड्याला पाच एबीए क्लेम असताना हे कोण सांभाळणार? बरीच सेंटर दोन विमे बघून आधी तुमच्याकडूनच पैसे मागतात.

स्पीच-ओटीसाठी दोन विम्यांचा थोडा फायदा होईल. एबीए हा मोठा खर्च असेल तर मुलाला फक्त तुमच्या प्लॅनवर ठेवा आणि नवऱ्याच्या प्लॅनमधून त्याचं नाव १ जानेवारीपासून काढा. दोन्ही कंपन्यांच्या एन्रोलमेंटच्या तारखा एकत्र येतात का ते आधी तपासा. नवऱ्याच्या कंपनीची दारं ऑक्टोबरच्या शेवटी बंद होत असतील आणि तुमची नोव्हेंबरमध्ये उघडत असतील, तर नाव काढायची विनंती आधी द्यावी लागेल आणि मधे एकही दिवस रिकामा जाता कामा नये. १ जानेवारीला सकाळी नव्या प्लॅनच्या पोर्टलवर मुलाचं नाव दिसलं, की त्याच दिवशी सेंटरला सभासद क्रमांक पाठवून ९७१५१ ची परवानगी मागायला सांगा.